वाफ्याखालची फरशी

"मॅडम, चालू करू का?" मंजण्णाने विचारलं. त्याचा पॉवर टिलर, माती उकरायचं यंत्र, वाफ्याच्या कडेला उभा होता आणि माझ्या मुठीत त्याच वाफ्यातल्या मातीचा गोळा होता.

त्या गोळ्याबद्दल आधी सांगते. माती खणण्याजोगी आहे का हे बघायला आम्ही मूठभर माती दाबतो आणि अंगठ्याने टोचतो. गोळा फुटला तर कामाला लागायचं. फुटला नाही, नुसता खळगा पडला, तर माती ओली आहे. यंत्र गुंडाळायचं आणि घरी जायचं. माझ्या गोळ्याला खळगा पडला. बोटांच्या रेषासुद्धा उमटल्या. मी तो विटांच्या ढिगात टाकून दिला, हात पुसला आणि म्हणाले, "कर चालू."

मी बेळगावकडची. हॉर्टिकल्चर शिकले आणि बेंगळुरात लोकांच्या बागा करून देते. हे घर जयनगरचं. मालक प्रकाश, त्याची आई निपाणीची, लग्न होऊन इकडे आलेली. तिला सगळे अक्का म्हणायचे, मीही. वर मजला चढवला तेव्हा पुढच्या बागेत लॉऱ्या उभ्या राहिल्या, विटा पडल्या, काँक्रीटचा मिक्सर फिरला. त्यामुळे माती दबली होती. चांगल्या मातीत बारीक पोकळ्या असतात; त्यातून पाणी खाली जातं आणि मुळांना हवा मिळते. वजनाने त्या मिटतात. आपल्या इथली लाल माती तर मिटली की वाळून विटेसारखी होते.

ती मोकळी करायची तर वेळ लागतो. प्रकाशकडे वेळ नव्हता.

"संडेला वास्तुपूजा आहे, वीणा. गेस्ट येणार. ग्रीन दिसलं पाहिजे, बस."

"कालच पाऊस पडलाय," मी म्हणाले.

"म्हणजे प्रॉब्लेम आहे?"

हो, आहे, एवढंच म्हणायचं होतं. तो चिडला असता, पूजा उघड्या मातीपुढे झाली असती. "नाही, करू मॅनेज," मी म्हणाले. हे 'करू मॅनेज' आमच्या धंद्यात फार चालतं.

ओल्या मातीत टिलर फिरवला की वरची माती रव्यासारखी भुरभुरीत दिसते. पण त्याची पाती खाली एकाच खोलीवर घासत राहतात आणि गवंड्याने थापीने गिलावा घोटावा तशी तिथली माती घोटून टाकतात. वर गादी, खाली फरशी. बघणाऱ्याला फक्त गादी दिसते. मी त्यावर शेणखत पसरलं, कडेने अबोली, झेंडू लावले. मधोमध जागा सोडली, कारण तिथे अक्का सोनचाफा लावणार होत्या.

अक्कांच्या हाताला गुण होता, असं सगळी गल्ली मानायची. कुणाचं घर झालं, कुणी नवी कुंडी आणली, की पहिलं रोप अक्कांच्या हातचं. "अक्का, स्वल्प येऊन जा की," म्हणून कानडी शेजारणी बोलवायच्या आणि अक्का पदर खोचून निघायच्या. कढीपत्ता न लागणाऱ्या घरात त्यांनी कढीपत्ता लावून दाखवलेला. पूजेच्या दिवशीही भटजींना थांबवून त्यांनी चाफा लावला. बोटांनी माती सारली, रोपाला म्हणाल्या, "बस की आता नीट. लाजू नको." लोक हसले. मीही हसले. माझी नजर मात्र मातीवर होती.

मग पाऊस लागला. वरून आलेलं पाणी फरशीवर साचलं, चाफ्याची मुळं त्यात बुडून राहिली. मुळं गुदमरली की झाड सुकतं. आणि गंमत म्हणजे ते तहानेने सुकल्यासारखं दिसतं. म्हणून जरा उघडीप झाली की अक्का रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायच्या. मी महिन्याच्या व्हिजिटला गेले तेव्हा पानं पिवळी पडून लोंबत होती आणि त्या तांब्या घेऊन उभ्या होत्या. "पाणी घालू नका," असं मी म्हटलं असतं तर 'का' हे सांगावं लागलं असतं. मी अबोलीची सुकलेली फुलं खुडत बसले.

पुढच्या व्हिजिटला चाफा काडी झाला होता. प्रकाश बाहेर आला. "काय झालं याला? सॉइल इशू?"

मी तोंड उघडायच्या आधी अक्का पायरीवरून म्हणाल्या, "मातीला काय होतंय? वीणाने केलीय ती. माझाच हात गेला, दुसरं काय."

अक्कांनी मला वाटच करून दिली होती. मी गप्प बसले असते तरी पाप झालंच असतं. पण मी गप्पही बसले नाही. धंद्यातल्या माणसाचा आवाज काढून म्हणाले, "वय झालं की होतं तसं, अक्का. हाताची ऊब कमी होते."

असं काहीही नसतं. मी ते जागच्या जागी बनवलं.

"बघ आई," प्रकाश मायेनेच म्हणाला, "आता बास. तू निवांत बसून बघ." दुसऱ्याच दिवशी त्याने व्हरांड्यात वेताची खुर्ची आणून ठेवली.

त्यानंतर जायचे तेव्हा अक्का त्या खुर्चीत असायच्या, हात मांडीवर. एकदा शेजारच्या सावित्रम्मा बोलवायला आल्या; सुनेने तुळशीवृंदावन आणलं होतं. "मी नको," अक्का म्हणाल्या. "तुमची सून लावू दे. तरणा हात आहे." सावित्रम्मा रुसून गेल्या. मग अक्कांनी आत काम करणाऱ्या बाईला हाक मारली, "सरोजा, आपल्या तुळशीला पाणी घाल गं." तांब्या त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी तो उचलून सरोजाला दिला.

मी गेटबाहेर स्कूटरपाशी येऊन उभी राहिले. किल्ली लावली, परत काढली. मग आत परत गेले, हत्यारांच्या पिशवीतून लोखंडी सळी काढली.

"अक्का, जरा खाली या."

"कशाला गं? मी हात नाही लावत आता."

"झाडाला नाही लावायचा. ही सळी धरा आणि मातीत दाबा."

माझ्याकडे बघत त्यांनी दाबली. सळी वीतभर लोण्यात गेल्यासारखी गेली आणि थांबली. त्यांनी दुसरीकडे दाबली. तिथेही वीतभरच.

"खाली फरशी राहिली का बांधकामाची?"

"फरशी नाही अक्का. मातीच आहे. मी केलीय तशी."

मी कुदळीने खड्डा घेतला. वीतभर खाली चकचकीत, सपाट थर लागला, टिलरच्या पात्यांच्या खुणांसकट. वरची माती काळपट झालेली, तिला गटाराचा वास. खड्ड्यात बादली ओतली. दोघी बघत उभ्या राहिलो. पाणी हललं नाही. मी त्यांना मुठीतला गोळा सांगितला, संडेची घाई सांगितली. झाड मुळाशी कुजलं, त्यात हाताचा काही संबंध नव्हता, हेही सांगितलं.

"तेव्हाच कळलं होतं तुला?"

"हो."

"आणि ऊब कमी होते म्हणालीस, तेव्हा?"

"तेव्हाही."

अक्कांनी सळी माझ्या हातात परत दिली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "मी रात्री हात कानाला लावून बघत होते गं. गार आहेत का म्हणून."

मी सळी पुसून पिशवीत ठेवली. मग त्याच म्हणाल्या, "प्रकाशला सांग. मी सांगणार नाही. माझ्यासमोर तू सांग."

सांगितलं. प्रकाशने ऐकून घेतलं. "यू शुड हॅव टोल्ड मी," म्हणाला. मग, "यात वाळू टाकली तर मोकळी होईल ना?"

"नको. चिकणमाती आणि वाळू एकत्र झाली की आणखी घट्ट बसते."

"मग जे करायचं ते तुम्ही स्वतः करा. आणि नंतर मेंटेनन्सला मी दुसरं कुणी बघतो." अक्का मध्ये पडल्या नाहीत. त्या पडतील असं मलाही वाटलं नव्हतं.

पाऊस संपून माती वाफशावर यायची वाट पाहिली. वाफसा म्हणजे ना ओली ना कोरडी, गोळा अंगठ्याने फुटतो ती अवस्था. मग गार्डन फोर्क, म्हणजे जाड दातांचा मोठा काटा, थरातून खाली घुसवून मागे रेलायचं. माती उलटायची नाही, नुसती उचलून तडकवायची. अख्खा वाफा मी असा तडकवला. कंपोस्ट घातलं. ताग पेरला, त्याची मुळं जिथे आपला काटा पोचत नाही तिथे जातात. फुलायच्या आत कापून तिथेच अंथरला. मधून चालायला दगड ठेवले, म्हणजे पुन्हा कुणाचा पाय वाफ्यात पडायला नको. अक्का खुर्चीतून बघत. पाणी विचारत, चहा देत. बोलत कमी.

पुढच्या पावसाआधी सळी गुडघाभर गेली. त्यांनी नवा चाफा मागवला. मी खड्डा करून बाजूला झाले. त्या खाली बसल्या, रोप हातात घेतलं आणि थांबल्या.

"माती बघितलीस ना नीट?"

"बघितली, अक्का."

"खरं ना?"

त्यांनी चाफा लावला, तो लागला. सावित्रम्मांचा रुसवा गेला, गल्लीतली बोलावणी पुन्हा सुरू झाली. पण आता प्रत्येक घरी अक्का आधी विचारतात म्हणे, "माती कुणी बघितलीय का?" पूर्वी त्यांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं. त्या नुसत्या पदर खोचून बसायच्या.

मी अजून लोकांच्या बागा करते. साइटवर मातीची मूठ मात्र आता मी दाबत नाही. क्लायंटच्या हातात देते आणि म्हणते, दाबा, अंगठ्याने टोचा, काय होतं ते मला सांगा. त्यांचे हात खराब होतात, काहींना राग येतो. येऊ दे. माझ्या मुठीत माती काय सांगते ते फक्त मलाच कळतं.