सुनंदाताईंचा अल्सर

जेवताना पहिला घास पोटात गेला की माझ्या मोठ्या जाऊबाई, सुनंदाताई, ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघायच्या. बरगडीखाली मूठ दाबून म्हणायच्या, "काय घातलंस गो ह्यात? मारूक बसलंस काय माका?" स्वयंपाक त्यांनी स्वतः केलेला असला, तरी नजर माझ्याकडेच.

घाटकोपरच्या दोन खोल्यांत दोन भावांचे संसार एकत्र होते. मूळच्या मालवणच्या सुनंदाताई अंधेरीच्या एका स्टुडिओत कपडेपट सांभाळायच्या. तिथे नटांवर ओरडायच्या, घरी आमच्यावर. एकदा एका नटाने शेरवानी घट्ट झाल्याची तक्रार केली, तर "शेरवानी तीच आसा, पोट तुमचा वाढला," असं त्यांनी सगळ्या युनिटसमोर सुनावलं. मला त्या आवडत नव्हत्या, त्यांना मी. दोघींनीही ते कधी लपवलं नाही.

पोटदुखी वाढली तेव्हा दुर्बिणीने तपासलं. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण निघाला. गोळ्यांनी तो भरला, गोळ्या थांबल्या की पुन्हा उगवला. जंतूंवरचं औषधही घेऊन झालं, व्रण परत हजर. मग घराने स्वतःच निदान करून टाकलं: स्वभाव. सासूबाई म्हणायच्या, "रागाने आतडी जाळलीस स्वतःची." सुनंदाताईंचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, "जरा शांत राहा ना" म्हणून बाहेर निघून जायचे. डॉक्टरसुद्धा टेन्शन घेऊ नका म्हणायचे. सुनंदाताई विचारायच्या, "मी रागावलंय ता पोटाक कोण सांगता?" पण दोष ठरून गेला होता. मलाही तेच पटायचं. खरं तर आवडायचं.

एका रविवारी कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून आमचं जुंपलं होतं. मला शिव्या देता देताच त्या बेसिनकडे धावल्या. चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली आणि त्या खालीच बसल्या. रिक्षा करून आम्ही हॉस्पिटल गाठलं.

वॉर्डात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं पहिल्यापासून विचारलं. "पोटदुखीशिवाय आणखी काही? जुलाब वगैरे?"

"काय नाय," सुनंदाताई म्हणाल्या.

मी संतापले. "काही नाही कसं? रोज सकाळी संडास अडवून बसतात. बाहेर आल्या की पुन्हा आत. मला रोज ऑफिसला उशीर होतो!"

शेजारच्या खाटांवरचे लोक वळून बघायला लागले. डॉक्टरीणबाई मात्र माझ्याकडे वळल्या. कधीपासून, किती वेळा, सगळं त्यांनी मलाच विचारलं. मग रक्ताची वेगळी तपासणी झाली, स्कॅन झाला.

"स्वादुपिंडात छोटी गाठ आहे," त्यांनी आम्हा सगळ्यांना समजावलं. "ती जे हार्मोन सोडते, त्यामुळे जठर भलतंच आम्ल तयार करतं. व्रण त्यामुळेच, जुलाबही त्यामुळेच. गाठ आहे तोवर व्रण होतच राहणार."

"रागाने झाली का गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आजी. रागाचा काही संबंध नाही."

सुनंदाताई कोपरावर उठल्या. "परत सांगा. मोठ्यान सांगा, ह्या सगळ्यांका ऐकाक येऊ दे." डॉक्टरीणबाईंनी खरंच परत सांगितलं. तशा त्या भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या. "माझोच राग माका खाता, असा माकाव वाटाक लागला होता," एवढंच म्हणाल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गाठ पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं, व्रण परत आला नाही. राग मात्र शाबूत राहिला. वॉर्डात चारचौघांत अब्रू काढली म्हणून त्या माझ्याशी कित्येक महिने बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी बोरिवलीला वेगळं घर घेतलं.

टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू माका वाचवलंस, असा सगळे म्हणतत. तुका वाचवूचा नव्हता. माझी तक्रार करूची होती."

"हो," मी म्हटलं. "तक्रारच करायची होती."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि टेम्पोत चढता चढता म्हणाल्या, "बरा झाला. उपकार म्हणान केलं असतंस, तर जन्मभर तुझ्याशी गोड बोलूचा लागला असता."