नऊ बाइटांची दारं

माझ्या साडूचे मलकापुरात कॉम्प्युटर क्लासेस होते. स्वतःच्या हुशारीबद्दल त्याला कधी शंका आली नाही. मी मेहकरला गणित शिकवायचो. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींच्या वजनकाट्यासाठी आम्ही दोघांनी कर्नल लिहायला घेतला. कर्नल म्हणजे मशीन सुरू होताच त्याचा ताबा घेणारा मूळ प्रोग्राम. काट्याजवळचं मशीन जुनं, हार्डडिस्कही नसलेलं. विकतचं काही त्यावर चालेना. कर्नल बहुतेक मीच लिहिला, साडूनं सल्ले दिले.

शेटजींनी बजावलं होतं, चाचणीत काटा अडला तर तुमचं काढून बाहेरून मशीनसकट तयार माल आणतो. माझी दोन वर्षं त्यात गेली होती.

अशात माझं घरचं मशीन बंद पडलं आणि त्यातला जुना असेंबलर गेला. आपण लिहिलेल्या सूचनांचे मशीनला कळणारे आकडे असेंबलर करतो. साडूकडे नवा होता, पण तो माझ्या कर्नलशी जुळेना. घड्याळ, कीबोर्ड, काटा या प्रत्येकाची हाक आत येण्यासाठी मी एकेक दार केलं होतं, प्रत्येक नऊ बाइटांचं. दाराच्या क्रमांकाला नवानं गुणलं की त्याची जागा सापडे. दाराच्या शेवटी मुख्य भागाकडे नेणारी एक सूचना, तिला उडी म्हणतात. जुना असेंबलर तिला नेहमी पाच बाइट देई. नवा मात्र अंतर कमी दिसलं की दोनातच भागवी. त्यामुळे मुख्य भागाजवळची, काट्याच्या बाजूची शेवटची दारं आखूड होऊन गुणाकार चुकत होता. उडी लांबच ठेव, हे सांगायची रीतही दोघांत वेगळी. शेवटी मी साडूच्या क्लासमध्ये बसून त्या उड्या सरळ आकड्यांत लिहिल्या. आकड्यांना कोणताच असेंबलर हात लावत नाही. कारणही शेजारी लिहून ठेवलं.

चाचणीच्या दिवशी कापसाची ट्रॉली काट्यावर चढली. पडद्यावर घड्याळ चालत होतं, कीबोर्ड चालत होता. काट्याकडून पहिलं वजन आलं आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. दुसऱ्यांदा तेच.

साडूनं क्लासमधलं कॉम्प्युटर सोबत आणलं होतं. मी त्यावर फाइल उघडली. माझे आकडे गायब, कारणही गायब. त्या जागी सुबक सूचना.

"काऊन हात लावला?"

"साफ केलं, साडूभाऊ. प्रोग्राम नव्हता तो, पंचांग दिसत होतं. पोरायले काय दाखवू मी?"

"पंचांगातल्या तिथ्या कोणी सुबक दिसाव्या म्हणून बदलते का?"

"मंग तुमचंच कच्चं असन. माह्या असेंबलरनं एक चूक नाही दाखवली."

शेटजी दारात आले. "मास्तर, भांडण घरी करजा. मांगं गाड्या उभ्या हायेत. काटा चालते का नाही?"

"आकडे परत टाकतो. थोडं थांबा."

मी आकडे भरले, नवी फ्लॉपी केली, मशीन सुरू केलं. वजन आलं, मशीन टिकलं. पडद्यावर शून्य होतं, आणि ते बरोबर होतं. ट्रॉली शेटजींनी शेजारच्या काट्यावर पाठवली होती. बाहेरच्या माणसाला फोनही करून झाला होता.

"चाललं ना पण!" साडू शेटजींना म्हणाला. "मी म्हणतच होतो."

मी फ्लॉपी काढून खिशात घातली आणि मेहकरची बस धरली. दोघी बहिणी अजून एकमेकींकडे येतात-जातात. तो आला की मी घरात थांबत नाही.