विलायती मैद्याच्या तीन गोण्या

बीडच्या पेठेत माझं किराण्याचं दुकान होतं. ज्वारी-बाजरी इथलीच, पण मैदा परमुलखातून आणावा लागे. मुंबईच्या बंदरावर उतरलेला माल आगगाडीनं नगरला यायचा आणि तिथून पुढं माझ्या बैलगाडीनं. मैद्याचं मोठं गिऱ्हाईक एकच, मशिदीजवळचे नानबाई. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या भट्टीतले नान कचेरीतल्या अंमलदारांच्या घरीही जात.

त्या खेपेला नगरच्या आडत्याकडचा नेहमीचा मैदा संपला होता. त्यानं दुसऱ्या गोण्या दाखवल्या. "हेही पीठच की," म्हणाला. डोळे दिपावेत इतकं पांढरं. चिमटीत दाबलं तर करकर वाजलं. मला वाटलं, माल ताजा असेल. गोणीवर इंग्रजी अक्षरं होती. मला मोडी यायची, कामापुरती उर्दू यायची, इंग्रजीचा गंध नव्हता. तीन गोण्या गाडीत घातल्या.

सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा नाका होता. तिथल्या शिपायानं गोणीत सळई खुपसून पाहिली. मुन्शीनं विचारलं, "क्या है?"

"मैदा," मी म्हणालो.

त्यानं उर्दूत तेच लिहून शिक्का मारला. सरकारी कागदावर मैदा आल्यावर माझी उरलीसुरली शंकाही गेली.

बीडला येताच दोन गोण्या चाचांकडं पोचवल्या. तिसरीतलं शेरभर पीठ घरी दिलं आणि गोणी कोठीत ठेवली. माझी धाकटी बहीण मुदतीच्या तापातून नुकतीच उठली होती. वैद्यांनी तिला मऊ, पातळ खायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी मला बोलावून घेतलं. गेलो तर भट्टी थंड. चाचा काठवटीपुढं बसले होते. त्यांनी भिजवलेल्या पिठावर मूठ मारली. दगडावर मारावी तसा आवाज झाला. मग त्याच पिठाचा गोळा उचलून त्यांनी हात सैल सोडला, तर तो गोळा दुधासारखा बोटांमधून वाहून गेला.

मी स्वतः मारून पाहिलं. हाताला ठेच लागल्यासारखं झालं. हात थांबवला की बोटं आत बुडायची.

"सकाळपासून मळतोय, शेट," चाचा हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, माझे हातच गेले. घरात कुणाला बोललो न्हाई."

तीस वर्षं पीठ मळलेला माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

रिकामी केलेली गोणी घेऊन आम्ही दोघं शाळेच्या मास्तरांकडं गेलो. त्यांना इंग्रजी येत असे. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत दोनदा वाचलं.

"हा मैदा नाही. बटाट्याचं सत्त्व आहे, गिरणीत सुताला लावायच्या खळीचं. बुरशी लागू नये म्हणून यात औषध घातलंय. खाऊ नये, असं इथं छापलंय." मग त्यांनी वर पाहिलं. "कुणी खाल्लं तर नाही ना?"

मी तसाच घराकडं पळालो. पायांत वहाणा नाहीत हे मला घराच्या दारात पोचल्यावर कळलं.

बहीण ओसरीवर बसली होती, पुढ्यात रिकामी वाटी. "दादा, लई मऊ खीर झालती," ती म्हणाली. "काचेवानी दिसत होती."

तिच्या वयनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, संध्याकाळसाठी अर्धं पातेलं झाकून ठेवलं होतं. मी ते उचलून उकिरड्यावर ओतलं. बायको बघतच राहिली. घटकाभरातच बहिणीला उलट्या सुरू झाल्या, हिरव्यासर, थांबता थांबेनात. मी तिचं डोकं धरून बसलो. हे पीठ मी माझ्या हातानं घरात आणलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

हकिमांना चाचाच घेऊन आले. मी सांगितलंही नव्हतं. हकिमांनी दूध आणि तूप पाजत राहायला सांगितलं. दोन दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताक मागितलं, तेव्हा बायको चुलीपुढं बसून रडली.

पुढं नगरला गेलो तेव्हा आडत्याला जाब विचारला. तो तराजू पुसत होता. "गिरणीचाच माल होता तो," म्हणाला. "खायला नेताय, हे तुमी बोललाच न्हाई." मी खरंच बोललो नव्हतो.

नगरला जाण्याआधीच तिन्ही गोण्या आम्ही गावाबाहेर खड्डा करून पुरल्या. खड्डा बुजवल्यावर चाचांनी मला आपल्या दुकानात नेलं, जुन्या मैद्याची चिमूट भिजवून गोळी केली आणि पाण्याखाली चोळली. पांढरं पाणी वाहून गेलं, हातात रबरासारखा चिवट गोळा उरला.

"हे उरलं तर मैदा," ते म्हणाले. "न्हाई उरलं तर कागद काहीबी म्हणू द्या."

त्यानंतर प्रत्येक गोणीतली चिमूट मी आडत्यासमोरच धुऊन बघत असे. तो हसायचा. बहिणीनं मात्र जन्मभर मैद्याला हात लावला नाही.