सुभेदारांकडचा डबा

बाळांनो, आपल्या शेजारच्या सुभेदारांइतका सतत ड्यूटीवर असलेला माणूस अख्ख्या सांगलीत सापडायचा नाही, आणि ड्यूटी म्हणाल तर त्यांना कसलीच नाही. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना वर्षं लोटली, साताऱ्याकडच्या दुष्काळी माणातलं गाव सोडून ते इथे स्थायिक झाले, तरी रोज सकाळी बूट चकाकवून गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात. काय राखतात ते देवाला ठाऊक. घंटागाडी आली की तिच्या ड्रायव्हरला सलाम ठोकतात, आणि तो बिचारा स्टिअरिंग सोडून उलट सलाम करतो. कुणाची टाकी भरून वाहू लागली की त्या घराची बेल वाजते आणि बाहेरून हुकूम येतो, "मोटार बंद करा! आमच्या माणात एवढ्या पान्यावर मेंढरांचा कळप जगतुया!" एकदा चांगला पाऊस पडत असताना पन्हळीचं पाणी पाहून त्यांनी माझी बेल दाबून धरली. मी छत्री घेऊन बाहेर आले आणि आभाळाकडे बोट दाखवलं. थोडा विचार करून ते म्हणाले, "वरनंच असंल तर आपला इलाज न्हाई."

पण त्यांची खरी ड्यूटी म्हणजे डबा. शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत तुमच्या आईने तुम्हाला सांगितलीच असेल. बाकीचे लोक चिमूटभर साखर घालून मोकळे होतात. सुभेदारांच्या मते साखर म्हणजे पळवाट. मी एकदा पुरणपोळ्या पाठवल्या, तर डबा बाजरीच्या खारोड्यांनी काठोकाठ भरून आला. मग मी तरी रिकामा कसा देणार? मी चकल्या दिल्या, तिकडून शेंगदाण्याची चटणी आली, चटणीवर मी लाडू पाठवले. माघार घ्यायची कुणाचीच तयारी नाही. शेवटी त्यांच्या घरच्या वहिनी कुंपणावरून मला म्हणाल्या, "आवं बाई, तुमी तरी त्यो डबा हरवा की!"

मिनू, मागे तुझा फोन आला तेव्हा सुभेदार इथेच चहा पीत बसले होते. तू म्हणालीस, "आजी, नंतर बोलते, माझा दव्वार राहिलाय."

"बाई, काय राह्यलं म्हनती पोरगी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तिची तिकडची शाळा फ्रेंच आहे, आणि फ्रेंचमध्ये गृहपाठाला दव्वार म्हणतात आणि कर्तव्यालाही तोच शब्द आहे.

"म्हंजी ड्यूटी?" ते ताठ बसले. मग काय, मला चष्मा लावून जाडा कोश काढावा लागला. त्यात निघालं की शब्दाचं मूळ लॅटिन आहे, आणि तिथे त्याचा अर्थ होता दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असणं. जवळ आहे म्हणून देणं लागतो, देणं लागतो म्हणून कर्तव्य. आपली इंग्रजी ड्यूटी ही याच फ्रेंच शब्दाची लेक.

सुभेदारांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी डबाच की!"

याच डब्याने गेल्या महिन्यात माझ्या तोंडचं पाणी पळवलं. सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेला न्यायला गाडी दारात उभी, आणि हे घामाने थबथबून स्वयंपाकघराची चौकट धरून बसलेले.

"बाईंचा डबा रिकामा हाय. त्यो असा मागं ठिवून मी जायचा न्हाई. आधी त्यात काय तरी भरा."

"जिवावर बेतलंय आन् डबा कसला भरताय!" वहिनी रडत ओरडल्या.

"म्हनून तर!"

मी आत गेले आणि वर्गातला जुना आवाज काढला. "सुभेदार, मला आज डबा नको आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून तर मुळीच नको. माझी वस्तू तुमच्याजवळ आहे. तुम्ही स्वतः येऊन ती भरून परत करायची. तोपर्यंत सुट्टी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात कपाळापर्यंत नेला, "व्हय बाई" म्हणाले आणि मुकाट्याने गाडीत जाऊन बसले.

ऑपरेशन होईपर्यंत मी घरातली सगळी कपाटं आवरली. आवरलेलीच होती, पुन्हा आवरली. मग वहिनींचा फोन आला. "बाई, शुद्धीवर आलं. माझं नाव सुदिक घेतलं न्हाई बघा, आधी इचारलं, डबा कुठं हाय?" फोन हातात तसाच धरून मी खुर्चीत बसले आणि एकटीच मोठ्याने हसत सुटले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

परवा ते स्वतः आले. बूट चकाकत होते, पण फाटकापासून दारापर्यंत येताना मध्ये थांबावं लागलं. डब्यात बिनमिठाचे फुटाणे होते. डॉक्टरांनी तेवढीच परवानगी दिली म्हणे. "घ्या बाई," ते म्हणाले, "सुटलो."

सुटलो हा शब्द मला अजिबात आवडला नाही. मी तिथल्या तिथे फुटाणे ताटलीत ओतले, डब्यात राजगिऱ्याच्या लाह्या भरल्या आणि त्यांच्याच हातात परत दिला.

आणि हो, मिनू, तुझा लाल स्वेटर इथे राहिला आहे. कुरिअरने पाठव म्हणून तुझी आई सारखी मागे लागते. तिला सांग, मी पाठवणार नाही. तो आता तुला होणारही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तो माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, घडी करून ठेवला आहे. तू येशील तेव्हा तुझ्या हातात देईन. तोपर्यंत मी ड्यूटीवर आहे.