बूट काढलेले शिपाई

मसुऱ्याला आमची गणपतीची शाळा आहे. शाळा म्हणजे पडवीला लागून असलेली एक लांबट खोली. तिथं माती मळायची, मूर्ती घडवायच्या, रंगवायच्या. मला गावातच दिलेली, त्यामुळे लग्नानंतरही माझं शाळेतलं काम सुटलं नाही. सकाळी घरचं आवरून माहेरी जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. हातपाय जोडणं, पितांबराच्या चुण्या, दागिने हे सगळं मी करायचे. डोळ्यांची आखणी तेवढी बाबांची. दुसऱ्या कुणी ती करायची नाही असं कधी कुणी बोललं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. भाऊ मुंबईला नोकरीत. तो चतुर्थीला पोचायचा तोवर मूर्ती आपापल्या पाटावर बसलेल्या असायच्या.

तीन वर्षांपूर्वी गावच्या गुरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. कोल्हापूरकडचे, तिशीतले, एकटेच. आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. आषाढातल्या एका सकाळी ते एक चपटा खोका घेऊन शाळेत आले. खोक्यात करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि चौकटींना माणसांचे सुटे भाग चिकटलेले होते. धडं, हात, डोकी, बंदुका. अख्खा माणूस जोडला तर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा.

"हा एक खेळ आहे, ताई," डॉक्टर म्हणाले. "टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं. दोघांनी दोन सैन्यं उभी करायची. पट्टीने मोजून पुढे सरकायचं, आणि कोण पडला ते फासे टाकून ठरवायचं."

कोल्हापूरचा त्यांचा एक मित्र हा खेळ खेळत असे. त्याच्याकडे टोपीवाल्या इंग्रजांची पलटण तयार होती. डॉक्टरांना तिच्यासमोर आपल्याकडचे शिपाई उभे करायचे होते, अडीचशे वर्षांपूर्वीचे. तसा खोका त्यांना कुठे मिळाला नव्हता. मिळाले होते ते लांब कोट, तिकोनी टोप्या आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेले परदेशी सैनिक. टोप्या कापून पगड्या बसवायच्या, कोटाचा अंगरखा करायचा, असं त्यांच्या मनात होतं. स्वतः करून बघितलेला एक शिपाई त्यांनी खिशातून काढला. त्याच्या डोक्यावर पगडी नव्हती, भजं होतं.

बाबांनी तो शिपाई हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि परत दिला.

"आमी गणपती करतंव, डॉक्टरांनू," ते म्हणाले. "लढाये करनव नाय."

डॉक्टर ओशाळले. त्यांच्या मागोमाग मी बाहेर गेले आणि एक चौकट मागून घेतली. का मागितली ते सांगता येणार नाही. एवढ्या बारीक पितांबराला चुण्या पडतात का, हे बघावंसं वाटलं असेल.

पहिली पगडी मी आमच्या मातीची केली. वाळल्यावर ती टरफलासारखी निघून आली. प्लास्टिक पाणी ओढून घेत नाही, मग माती धरणार कशाला? डॉक्टरांकडे फटी बुजवायची असते तसली दोन रंगांची लांबी होती, दोन्ही सारख्या घेऊन मळली की तासाभरात घट्ट होणारी. तिच्या शेवयांसारख्या बारीक दोऱ्या वळून मी डोक्याभोवती गुंडाळल्या आणि सुईने पेच काढले. पगडी झाली. कोटाची बटणं घासून टाकली, छातीवर तिरकी पट्टी चढवली, काखेत एक गाठ दिली. कोटाचा अंगरखा झाला. तरी काहीतरी चुकत होतं. तो माणूस आपला वाटत नव्हता.

बाबा तिरक्या नजरेने माझं काम बघत होते, असं मला तेव्हा वाटलं.

"पायात काय आसा तेच्या?" त्यांनी विचारलं.

"बूट."

"बूट घालून चिखलात कोण उतरता गो? काढ ते."

मी ब्लेडने बूट तासले, पोटऱ्या बारीक केल्या आणि सुईच्या टोकाने बोटं पाडली. माणूस एकदम इथला झाला. डॉक्टरांना दाखवला तर ते बराच वेळ त्याच्या पायांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, असे साठ हवेत."

त्यानंतर बाबाही हळूहळू त्यात आले. गणपतींच्या मूर्ती वाळत असत तेव्हा मधल्या वेळात आम्ही शिपाई करायचो. बाबांनी चकत्या आपल्याकडे घेतल्या. शिपाई उभा राहायचा तर त्याच्या पायाखाली गोल चकती लागते, आणि त्या चकतीवर जमीन करावी लागते. मी किनाऱ्यावरची वाळू आणून गोंदाने चिकटवली होती. आठ दिवसांत साऱ्या चकत्यांवर पांढरं फुललं, बुरशीसारखं. ते मीठ होतं. बाबांनी सगळ्या खरवडायला लावल्या. मग जांभ्याचा चिरा घासून त्यांनी त्याची भुकटी केली, जुन्या धोतरातून चाळली, आणि तीच गोंदावर भुरभुरली. नारळाच्या सोडणाचे तंतू कातरून गवताचे झुबके लावले. आमच्या मळ्यापलीकडचा कातळ जसा दिसतो तसंच ते दिसायला लागलं. हे सगळं ते हातानेच करत, मान वर ठेवून, गप्पा मारत. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मग ते म्हणाले, बारा शिपाई मी रंगवतो. मी दिले. चार दिवसांनी रंगवलेले बारा शिपाई त्यांनी डॉक्टरांसमोर ठेवले. डॉक्टरांनी एकेक उचलून बघितला, "छान झालेत, काका," म्हणाले आणि फळीवर अगदी मागच्या ओळीत नेऊन ठेवले. माझे पुढे होते, बाबांचे मागे.

डॉक्टर गेल्यावर मी त्यातला एक काढून उजेडात धरला. अंगरखा बरा होता. पण डोळ्यांचे दोन ठिपके गालावर होते आणि मिशी हनुवटीवर. दुसऱ्याचा एक डोळा कानाशी. बाराही तसेच.

मी तोंड न रंगवलेला एक शिपाई घेतला, माझा एक रंगवलेला घेतला, आणि दोन्ही बाबांपुढे धरले.

"बाबा, ह्येतलो खंयचो बरो झालो?"

त्यांनी दोन्हीकडे बघितलं.

"दोनय बरे आसत."

"एकाक तोंडच नाय, बाबा."

ते उठले, ओटीवर जाऊन बसले. मी पाठोपाठ गेले. ते म्हणाले, "तुका काय समाजता? बारीक आसत म्हणान दिसले नसतीत."

"गणपतीचे दिसतत?"

पाऊस नव्हता, समोरच्या वाटेने माणसं जात होती, एकाने हाक मारली तिला बाबांनी ओ दिली. मग माझ्याकडे न बघता सांगितलं. दोन वर्षं झाली. उजव्या डोळ्यापुढे ताक सांडल्यासारखं असतं, डाव्याने थोडं बरं. मूर्तीची आखणी ते मापाने करत. सोंडेच्या मुळापासून अंगठा ठेवायचा, तिथून बोट, तिथे ब्रश टेकायचा. हाताला चाळीस वर्षांची सवय. मूर्ती लहान असली की घाबरायला होई.

"मगे सांगलात कित्याक नाय?"

"सांगान काय होतला? आखणी बंद झाली काय शाळा बंद."

मला राग आला. त्यांचा आला, आणि माझाही. रोज त्यांच्या शेजारी बसत होते मी. रंगाची वाटी ते चाचपडून घेतात हे मला दिसत होतं, पण मी त्याला म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

संध्याकाळी मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं. बोलायचं धाडस झालं नव्हतं. ते ओटीवर येऊन बाबांच्या शेजारी बसले.

"काका, तुमच्या गाईच्या डोळ्यावर असा पडदा आला असता तर मला कधी बोलावलं असतं?"

"त्याच दिवशी."

"मग?"

बाबा हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. त्यांनी विचारलं, "ढोरांचे डॉक्टर तुमी. माझा काय करतलात?"

"मी नाही करणार. नुसता घेऊन जातो."

सावंतवाडीला नेलं. मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत, उजवा पूर्ण पिकलेला. श्रावणाच्या मध्यावर उजव्याची शस्त्रक्रिया झाली. नंतर महिनाभर धुळीत बसायचं नाही, वाकायचं नाही, असं सांगून काळा चष्मा दिला. चतुर्थी तोंडावर होती. शाळेत मूर्ती बसवायला लोकांचे पाट आलेले होते, मूर्ती रंगून तयार होत्या, आणि एकीलाही डोळे नव्हते.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "माका जमताहा काय? तूच कर."

बाबांनी तेवढंही म्हटलं नाही. त्यांनी फक्त आपला आखणीचा ब्रश धुऊन माझ्या बसायच्या पाटाशी ठेवला.

तोवर मी चाळीसेक शिपायांचे डोळे काढले होते. तिथं एक गोष्ट शिकले होते. श्वास रोखून ब्रश टेकवला की हात थरथरतो; श्वास हळू सोडत टेकवला की थरथरत नाही. मनगट दुसऱ्या हातावर ठेवायचं. शिपायाचा डोळा बिघडला तर कातडीच्या रंगाने पुसून पुन्हा काढता येतो. गणपतीचा बिघडला तरी पुसता येतो, पण ते मनाला पटत नाही. पहिल्या दिवशी मी एकच मूर्ती केली, तीही आमच्या घरची. बाबा दाराबाहेर खुर्चीवर बसलेले, पाठ माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी पाच झाल्या, मग मोजल्याच नाहीत.

मूर्ती न्यायला लोक आले तेव्हा वाडीतल्या एका आजींनी मूर्तीच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघितलं.

"आखणी कोणी केल्यानी ओ?" त्यांनी बाबांना विचारलं.

"आमच्या शाळेत झाली," बाबा म्हणाले.

आजींनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि मूर्ती उचलायला नातवाला बोलावलं.

विसर्जनानंतर चष्मा उतरला. पहिले दोन दिवस बाबा घरभर फिरून भिंती बघत होते. भिंती एवढ्या मळल्यात हे कुणी सांगितलं नाही म्हणून आईवर रागावले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिपायांचा खोका मागितला. मी आधी माझे काढून दिले. ते त्यांनी नीट बघितले, एकाच्या पगडीचा पेच उलटा आहे म्हणाले, आणि तो होताच उलटा. मग म्हणाले, "माझे खंय?"

मी बारा शिपाई ओळीने मांडले. ते खूप वेळ बघत राहिले.

"ह्ये घराकडे कशे जातले? वाट खंयच्या डोळ्यान बघतले?"

मी हसले. मग तेही हसले. नंतर त्यांनी माझ्या फोनवर मागच्या दोन वर्षांचे गणपतींचे फोटो मागितले. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत होते. काही मूर्ती ठीक होत्या. दोन-तीन लहान मूर्तींचा डावा डोळा खाली उतरला होता.

"लोकांनी तशेच पुजल्यानी," ते म्हणाले.

"तेंका चलले, बाबा."

"माका चलाक नको होते."

दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांचा मित्र आपली पलटण घेऊन आला. शाळा रिकामी होती. मूर्तींच्या फळ्या जोडून आम्ही टेबल केलं, त्यावर पुठ्ठ्याचे डोंगर ठेवले. बाबांनी आपले बारा शिपाई पुन्हा रंगवले होते. या वेळी मिशा ओठांवर होत्या. डॉक्टरांनी त्यांना पहिल्या ओळीत उभं केलं. मित्राने फासे टाकले आणि पहिल्याच माऱ्यात त्यातले नऊ पडले.

"असां कसां?" बाबांनी विचारलं.

"फाशांचं काही सांगता येत नाही, काका."

"मागे ठेयलेले तेच बरे होते," बाबा म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. लढाई डॉक्टर हरले. पण मित्राने जाण्याआधी आमचा एक शिपाई मागून घेतला आणि त्याचे पाय भिंगाखाली बघितले.

गेल्या वर्षी डॉक्टरांची बदली झाली. बाबांचा डावा डोळाही आता झालाय. आखणी आम्ही वाटून घेतली आहे. फूटभरापेक्षा मोठ्या मूर्ती त्यांच्या, लहान माझ्या. चतुर्थी झाली की मार्गशीर्षापर्यंत डॉक्टरांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे खोके येतात. टोप्या मी कापते, चकत्या बाबा करतात. यंदा डॉक्टरांनी घोडदळ पाठवलं होतं. बाबांनी दोन घोडे जोडले, चार दिवस न्याहाळले आणि खोक्यात परत ठेवले.

"घोडो माका जमना नाय," त्यांनी फोनवर डॉक्टरांना स्वच्छ सांगितलं. "बैल सांगा. कितीय करून देतंय."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि तोफा ओढायला सोळा बैल सांगितले.