गिरधर आबाचे रबरी बेडूक

माझं किराणा दुकान गावच्या स्टँडवर आहे. त्यामुळे गावात कोण आलं, कोण गेलं आणि कोणाचं कोणाशी बिनसलं, हे मला न विचारता कळतं. पहूरकडून येणारा कुरिअरवाला समाधानही माझ्याच दारात मोटारसायकल थांबवतो, कारण आमच्या गल्ल्यांत शिरून घरं शोधत बसायला त्याला सवड नसते. गिरधर महाजनची सगळी पार्सलं अशी माझ्या डोळ्यांदेखत आली. बहुतेक पार्सलांत एकच वस्तू असायची, ती म्हणजे रबराचा बेडूक.

गिरधर माझा शाळेतला सोबती. आमच्यात अरेतुरे चालतं, बाकी गाव त्याला आबा म्हणतं. केळी आणि कापूस करणारा, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. त्याची बायको प्रमिलाबाई गेली, तेव्हा त्याने मळा निम्म्या हिश्श्याने दुसऱ्याला करायला दिला आणि स्वतः वाघूर धरणाच्या मागच्या पाण्यावर गळ टाकून बसायला लागला. गावाने थोडे दिवस नावं ठेवली. मीही म्हटलं, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला.

त्याचा सगळा जीव मरळीवर. मरळ हा शिकारी मासा. शेवाळाखाली दबा धरून बसते आणि वरून बेडूक गेला की अशी उसळते, की काठावरच्या माणसाच्याही छातीत धस्स होतं. लहानपणी गिरधर गळाला जिवंत बेडूक टोचायचा आणि मी तोंड फिरवून बसायचो. आमचं घर माळकरी, माशाला शिवायचंसुद्धा नाही. पण काठावर बसायला माळ आडवी येत नाही, म्हणून आजही दुकानावर सुनेला बसवून मी कधीमधी त्याच्यासोबत जातो.

त्याचा मुलगा भूपेंद्र धुळ्याला देवपुरात गणिताचे क्लास चालवतो. चांगले चालतात. धुळं काही सातासमुद्रापलीकडे नाही. सकाळची गाडी धरावी, जळगावला बस बदलावी, एरंडोल, पारोळा मागे टाकत दुपारच्या जेवणाला देवपूर. पण हा रस्ता भूपेंद्रला दिवाळीतच सापडतो. प्रमिलाबाईच्या वर्षश्राद्धानंतर गिरधर तिकडे राहायला गेला होता. महिना भरायच्या आत पिशवी घेऊन परत आला. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "वाईट कोणीच नाही रे मोतीलाल. सून ताट वाढून देते, पोरगा बरं आहे का विचारतो. पण मले तिथं कोणी लागत नाही आन् मी कोणाले लागत नाही."

नकली बेडकाचं खूळ भूपेंद्रनेच घातलं. एका दिवाळीत तो बापाबरोबर पाण्यावर गेला, जिवंत बेडूक टोचलेला त्याला बघवला नाही आणि त्याने तिथेच मोबाइलवरून एक नकली मागवला. ते पार्सल आलं तेव्हा गिरधर आणि मी दुकानात दिवा लावून बघत बसलो. हिरवी पाठ, पिवळं पोट, मागे पायांच्या जागी रबरी दोऱ्यांचे दोन झुबके. दोन गळ पाठीला असे चिकटलेले, की शेवाळात अडकायचे नाहीत, पण मरळीने जबडा आवळला की पोट दबून गळ वर येणार. मी माळकरी माणूस, पण मीही दोन-तीनदा त्याचं पोट दाबून बघितलं. वस्तू देखणी होती, हे कबूल करावंच लागेल. मग मी डब्यावरची किंमत वाचली. साडेचारशे रुपये. एवढ्यात बाजारात आयती साफ केलेली मरळ येते आणि वर मसाल्याला पैसे उरतात.

"चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला," मी म्हटलं.

"हौसेला मोल नसतं," गिरधर म्हणाला. पण त्याचं लक्ष बेडकाकडे नव्हतं. तो हातातल्या फोनकडे बघत होता.

त्याचं कारण सांगतो. ऑनलाइन वस्तू आली की ती हातात द्यायच्या आधी समाधान एक नंबर विचारतो, आणि तो नंबर मागवणाऱ्याच्या मोबाइलवर येतो. मागवलेलं भूपेंद्रने, म्हणून नंबर धुळ्याला. गिरधरने माझ्या दुकानातूनच त्याला फोन लावला होता आणि भूपेंद्रने पहिल्याच घंटीला उचलला होता. एरवी बापाचा फोन गेला की तो वाजून वाजून थांबतो आणि मागून 'क्लासमध्ये आहे, नंतर करतो' असा मेसेज येतो. तो नंतरचा फोन कधी येत नाही. मुलगा वाईट नाही, पण त्याच्या दिवसात बापासाठी खाना ठेवलेला नाही, हे खरं. पार्सलाचं मात्र वेगळं. दारात माणूस उभा आहे, नंबर दिलाच पाहिजे. मग नंबर देऊन झाल्यावर गिरधर हळूच विचारायचा, "जेवला का रे भूपा? भाविकाची परीक्षा झाली का?" भाविका म्हणजे नात. दोन-चार वाक्यं व्हायची. गिरधर ती पुढचे आठ-पंधरा दिवस पुरवून खायचा.

मग बेडूक हरवायला लागले. एक बाभळीच्या बुडख्यात अडकून तुटला. एक मरळीने दोरीसकट नेला. एक तर म्हणे काठावर ठेवला होता, तो कुत्र्याने पळवला. हे भूपेंद्रला मेसेजमधून कळवलं जायचं, आणि भूपेंद्र, खरं बोलायचं तर, कधी कुरकुर न करता दुसरा पाठवायचा. कधी बेडकाऐवजी चमचमता पत्र्याचा मासा, कधी पोटात छर्रे खुळखुळणारा. किंमत आठशेवर गेली, एक तर बाराशेचा जपानी होता. बाराशे रुपयांत माझ्या दुकानातून एका घराचा पंधरवड्याचा किराणा जातो. मला राग यायचा. म्हटलं, हा गिरधर पोराला लुटतोय, नाहीतर ह्याचा हात तरी थरथरायला लागला आहे.

एकदा त्याच्यासोबत गेलो तेव्हा कळलं. पाण्यात त्याने टाकला तो बेडूक लाकडाचा होता. केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून भोवती शेवरी लावतात, तिचं लाकूड पिसासारखं हलकं असतं. त्याचा बेडूक तासून, जुन्या छत्रीच्या कापडाचे पाय लावून त्याने स्वतः केला होता. त्यावर त्या दिवशी कोपराएवढी मरळ आली. परत येताना मळ्यातल्या खोलीत गेलो, तर विकतचे सगळे बेडूक भिंतीवर खिळ्यांना टांगलेले होते. बहुतेकांचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

"अरे, मग मागवतो काबरं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

तो दोरी गुंडाळत म्हणाला, "तेवढ्याच कारणानं तो फोन उचलतो. तुले काय सांगू मोतीलाल, घरात दिवसभर माणसाचा आवाज नसतो. रात्री टीव्ही लावतो तो बातम्यांसाठी नाही लावत."

माझ्या घरात माणसं इतकी, की सकाळी आंघोळीला नंबर लावावा लागतो. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या दिवसापासून मी फुकटची टिंगल बंद केली. एवढंच नाही, तर समाधान पार्सल घेऊन आला की मी त्याला बळेच चहाला बसवायला लागलो. समाधान मूळचा धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, सदा घाईत. "नाना, माले अजून कितला गावं फिरना शेतस," असं मला म्हणायचा. पण चहा ठेवलेला असला की बसायचा, आणि तो बसला की गिरधरचं बोलणं दोन वाक्यं लांबायचं. पुढे पुढे समाधानलाही उमगलं असावं. तो चहा फुंकून फुंकून प्यायला लागला.

यंदा आखाजीला गिरधरच्या मनात एक होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. प्रमिलाबाईच्या घागरीला भूपेंद्रने हात लावावा, एवढीच त्याची इच्छा. त्याने मेसेज केला, दोनदा फोन केला. उत्तर आलं की जमवतो. गिरधरने घर झाडून घेतलं, आंबे आणून गवतात ठेवले, माझ्याकडून चांगला गूळ नेला. भाविकाला गोड लागतं म्हणून खोबऱ्याच्या वड्याही नेल्या. आखाजीच्या दिवशी सकाळच्या गाडीला तो स्टँडवर आला. ती गाडी गेली. दुपारची आली, तिच्यातून शेजारच्या गल्लीतल्या दोन माहेरवाशिणी उतरल्या आणि पोरंबाळं सावरत निघून गेल्या. गिरधरने घरी जाऊन घागर एकट्याने भरली. मी गेलो होतो, म्हणून मला माहीत आहे. आंब्याचा रस त्याने माझ्या हातात दिला आणि स्वतः पाणी प्यायला.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी समाधान आला. मागच्या सीटवर हे एवढं खोकं बांधलेलं. गिरधर माझ्या बाकावर बसलेला होता. खोक्यावर स्वतःचं नाव दिसल्यावर त्याचा चेहरा असा उजळला, की मी सुनेला आत चहा ठेवायला सांगितलं. त्याने खिशातून फोन काढला आणि भूपेंद्रचा नंबर लावला.

"आबा, तठे फोन कराले नको," समाधान म्हणाला. "नंबर तुमनाच मोबाईलवर येल शे."

गिरधरला कळेना. समाधानने त्याच्या हातातून फोन घेतला, मेसेज उघडला, नंबर वाचला, आपल्या यंत्रात टाकला आणि खोकं बाकावर ठेवलं. झालं. चहाला उकळीसुद्धा आली नव्हती.

खोकं मीच कापलं. आत बेडूकच बेडूक होते. हिरवे, काळे, पांढऱ्या पोटाचे, ठिपक्यांचे. त्यांच्याखाली पत्र्याचे मासे. गिरधरने भूपेंद्रला फोन लावला. वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने भूपेंद्रचा आवाजी मेसेज आला आणि गिरधरने तो मोठ्याने लावला.

"आबा, आखाजीला नाही जमलं, बॅचेस होत्या. तुमचं सारखं काही ना काही हरवतं, म्हणून वर्षभराचं एकदाच भरून टाकलं. तुम्हीच शिकवलं ना, गहू, डाळ, तिखट, सगळं उन्हाळ्यात एकदा भरावं म्हणजे वर्षभर बघायला नको. आणि ओटीपीसाठी तुम्हाला माझ्यामागे लागायला नको, म्हणून तुमचाच नंबर टाकून दिला. काळजी घ्या."

गिरधरने तो मेसेज पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, आण तो फोन, मी ऐकवतो त्याला चार गोष्टी. माझ्या मोबाइलवरून लावतो, दुकानदाराचा तरी उचलेल.

"काय ऐकवशील?" गिरधरने विचारलं. "त्याचं काय चुकलं, सांग मले. पैसे खर्चले, बापाची आठवण ठेवली, मी शिकवलं तसंच केलं. घरी आम्ही वर्षाचं भरायचो, तेव्हा कणग्या लिंपायले तोच माझ्या हाताखाली असायचा."

खरंच, काय चुकलं होतं? एवढे पैसे खर्चून कोण बापाला खेळणी पाठवतो? पण बापाजवळ पोराला बोलतं करायची एकच युक्ती होती, आणि ती पोराने प्रेमापोटी, एका खोक्यात भरून संपवून टाकली होती. मी उगाच साखरेच्या पुड्या बांधत बसलो.

चहा आला. समाधानने तो घेतला. त्यालाही जायचं सुचत नव्हतं. गिरधर एकेक बेडूक बाहेर काढून बघत होता, परत ठेवत होता. मग त्याने मान वर न करता विचारलं, "समाधान, हे परत करायचं म्हटलं, तर करता येतं का रे?"

"येस ना, आबा. मीच लेवाले येसू."

"त्याच्यासाठी फोन कोणाले करावा लागतो?"

समाधानने माझ्याकडे बघितलं. "ज्यानी मांगाडं, त्यालेच सांगनं पडस," तो म्हणाला. "त्याना मोबाईलवरथून व्हस ते."

गिरधरने मान हलवली. खोक्यातला वरचा हिरवा बेडूक काढून त्याने मांडीवर ठेवला आणि बाकीच्यांवर झाकण लावलं.

"बठ्ठाच परत करना शेतस का?" समाधानने विचारलं.

"नाही रे," गिरधर म्हणाला. "एकदम नाही करायचे. एकेक करून."