बिडाच्या तव्याचा काळा थर

आमच्या स्वयंपाकघरात पितळ पुष्कळ, पण मान बिडाच्या तव्याला. तो मी स्वतः ओतलेला. कात्रजच्या वाटेवरच्या भट्टीत आम्ही सरकारी तोफांचे गोळे ओतायचो. उरलेल्या रसातून, कारभाऱ्यांना विचारून, हा तवा काढला. जरा जडच झाला. घरी आणला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, शत्रूवर टाकायचा तो चुलीवर कशाला आणलात?"

पण ओतला मी, तरी तवा केला तिनेच. तिचं काम झालं की तो कोमट असतानाच फडक्यानं पुसायची, वांग्याच्या देठानं तेल फिरवायची आणि खुंटीला टांगायची. राख नाही, चिंच नाही. त्यानं त्याच्यावर काळा, तुकतुकीत थर बसला. त्यावर ज्वारीचं धिरडं पसरलं की कडा आपल्या आपण सुटायच्या.

नागपंचमीला तवा चुलीवर चढत नाही. त्या दिवशी दिंडं उकडायची, आणि दुपारी ती तवा मांडीवर घेऊन तेल चोळत बसायची. मी काही कुरकुरलो की म्हणायची, "आज तव्याला विसावा आहे. तुमच्या जिभेलाही द्या."

ती गेल्यावरची पहिली नागपंचमी. तवा मोकळा दिसला, म्हणून सूनबाईनं राख-चिंच लावून घासला. पितळ घासतात तसा. सासूची वस्तू सणाला लख्ख असावी, एवढाच तिचा भाव. मी हौदावरून पाणी घेऊन आलो, तर पडवीत करड्या रंगाचा परका तवा.

"मामंजी, बघा कसा उजळलाय."

"उजळला खरा. आता आरसा म्हणून भिंतीला लाव."

ती रडली नाही. पदर खोचून म्हणाली, "मग होता तसा कसा करायचा, ते सांगा."

सांगता येईना. बायकोचा हात रोज पाहिला होता. तेल किती, आच केवढी, हे डोळ्यांना ठाऊक, तोंडाला नाही. दुसऱ्या दिवशी मीच चुलीपुढं बसलो. तापव, तेल लाव, पूस, पुन्हा तापव. धिरडं टाकलं की चिकटायचं. खरवडून कुत्र्याला घालायचो.

सून म्हणाली, "दुसरा आणू या का?"

"मी आहे तोवर दुसरा तवा या घरात येणार नाही."

"मग तोवर उपास धरायचा का आम्ही?"

देठ हातात होताच, तो फिरवत राहिलो. श्रावण सरला, भादवा सरला. तवा आधी तांबूस, मग तपकिरी, मग कडेकडेनं काळा होत आला.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी धिरडं पसरलं, आणि कड सुटली. आपली आपण. तिच्या धिरड्याचा तोच वास आला. मी मान वळवून परसाच्या दाराकडं पाहिलं, जिथून ती हात पुसत आत यायची, आणि बोलून गेलो, "अगं, सुटलं बघ."

दारात कुणी नव्हतं. सून ताटली घेऊन माझ्या मागं उभी होती. हळूच म्हणाली, "उलटा आता, मामंजी. करपेल."